सौंसरहून सॅन फ्रान्सिस्को, छिंदवाड्याच्या दिशेने

सौंसरच्या बसस्टँडवर कुणालाही विचारा, अमेरिका कोणत्या बाजूला? हात पश्चिमेकडे जाईल. अरबी समुद्राच्या पलीकडे युरोप आणि त्याच्याही पलीकडे अमेरिका, असं शाळेच्या भिंतीवरच्या नकाशाने आपल्याला शिकवलेलं असतं. एखादा चौकस मुलगा म्हणेल, "कॅलिफोर्नियाला जायचं असेल तर पूर्वेकडून जवळ पडेल, जपानच्या पुढून." दोन्ही उत्तरं चुकीची आहेत. सौंसरमध्ये उभं राहून सॅन फ्रान्सिस्कोकडे तोंड करायचं असेल, तर छिंदवाड्याकडे तोंड करायचं.

ही गंमत नाही, गणित आहे. सौंसरपासून छिंदवाडा शहर नेमक्या उत्तरेच्या साधारण 17 अंश पूर्वेला आहे आणि सॅन फ्रान्सिस्कोची दिशा साधारण 19 अंश. हात करून दाखवताना एवढा फरक ओळखूही येणार नाही. कल्पना करा, तुम्ही त्या दिशेने निघालात. डावीकडे वळायचं नाही, उजवीकडे वळायचं नाही, फक्त नाकासमोर. सिल्लेवानीचा घाट गेला, छिंदवाडा गेलं, सातपुडा मागे पडला. लखनौ जवळून गेलं. पश्चिम नेपाळातून हिमालय ओलांडला, मानसरोवर डाव्या हाताला ठेवून तिबेटात शिरलात. मग चीनचं शिनजियांग, मंगोलियाचा पश्चिम कोपरा, सायबेरियातला याकुतिया, त्यापुढे गोठलेला पूर्व सायबेरियाचा समुद्र. इथे तुम्ही जवळजवळ 73 अंश उत्तरेला पोहोचलेले असाल, उत्तर ध्रुववृत्ताच्या बरंच वर. आणि आता कुठेही न वळता तुम्ही आपोआप दक्षिणेकडे उतरू लागता. अलास्का, कॅनडाचा पश्चिम किनारा, सॅन फ्रान्सिस्को. एकूण सुमारे 13,000 किलोमीटर. पृथ्वीच्या पाठीवर या दोन गावांमधला याहून जवळचा रस्ता नाही.

विश्वास बसत नसेल तर पुरावा आपल्याच बागेत लटकतो आहे. आंबिया बहाराचं एक गोल गरगरीत संत्रं घ्या. देठ म्हणजे उत्तर ध्रुव, फळाचा मधला घेर म्हणजे विषुववृत्त. घेरापासून देठाकडे पाव अंतरावर एक ठिपका काढा, हे सौंसर. आता संत्रं फिरवून जवळजवळ पाठीमागच्या बाजूला, घेरापासून देठाकडे अर्ध्यापेक्षा थोडा खाली दुसरा ठिपका काढा, हे सॅन फ्रान्सिस्को. दोन्ही ठिपक्यांवर दोरा धरून ताणा. तो पोटावरून आडवा राहणारच नाही, सरकत सरकत देठाच्या जवळ जाईल. ताणलेला दोरा खोटं बोलत नाही. गोलावरच्या दोन बिंदूंमधला सर्वांत छोटा मार्ग हा गोलाच्या मध्याभोवती फिरणाऱ्या सर्वांत मोठ्या वर्तुळाचा तुकडा असतो. वैमानिक आणि नावाडी त्याला ग्रेट सर्कल म्हणतात.

मग नकाशा आपल्याला फसवतो का? फसवत नाही, त्याचं काम वेगळं होतं. शाळेच्या भिंतीवर असतो त्या प्रकारच्या नकाशाचं मूळ गेरार्डस मर्केटर याने 1569 मध्ये काढलेल्या नकाशात आहे. त्याचं गिऱ्हाईक होतं खलाशी. होकायंत्राचा काटा एकाच अंशावर धरून जहाज हाकायचं, तर तो मार्ग कागदावर सरळ रेषा दिसला पाहिजे, ही त्यांची गरज. ती भागवण्यासाठी मर्केटरने ध्रुवांकडचा प्रदेश ताणून रुंद केला. म्हणून त्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या 14 पट मोठी आहे. या नकाशावर सौंसर ते सॅन फ्रान्सिस्को अशी पूर्वेकडून सरळ रेघ मारून तिच्यावरून गेलात, तर 13,000 ऐवजी सुमारे 15,400 किलोमीटर कापावे लागतील. पट्टीने मारलेली सरळ रेघ दोन हजारांहून जास्त किलोमीटरने लांबची, हे मला अजूनही नवल वाटतं.

आणखी एक हिशेब करून पाहिला. पांढुर्ण्याहून सौंसरला आलात की तुम्ही तिसेक किलोमीटर प्रवास करता, पण सॅन फ्रान्सिस्कोच्या दिशेने सरकता जेमतेम 14-15 किलोमीटर. उरलेला प्रवास आडवाच झाला!

या दोन तालुक्यांचा मिळून 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. जिल्ह्याला विमानतळ नाही, विमान धरायचं तर नागपूर. पण विमानं मात्र रोज डोक्यावरून जातात, आणि त्यालाही कारण आहे. दिल्ली आणि चेन्नई या शहरांमध्ये पृथ्वीच्या पाठीवर सरळ रेषा काढली, तर ती जवळजवळ पांढुर्ण्यावरून जाते. जमिनीवर दिल्ली-चेन्नई रेल्वेही पांढुर्ण्यावरूनच जाते, म्हणजे रुळांनी जी वाट धरली तीच पुढे आकाशानेही धरली. अकरा किलोमीटर उंचीवरच्या त्या विमानाला सौंसर ते पांढुर्णा हे अंतर कापायला दोन मिनिटं लागतात. त्याचा आवाज खाली पोहोचायला अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागतो, तेवढ्यात विमान आठ-नऊ किलोमीटर पुढे गेलेलं असतं. म्हणून आवाज येतो तिथे बघू नका, बरंच पुढे बघा. आणि आकाश स्वच्छ असेल तर त्या उंचीवरून विमानातल्या माणसाला क्षितिज सुमारे 370 किलोमीटरवर दिसतं.

नागपूर हे आकाशातलं जंक्शन आहे, ही कल्पना तर अगदी जुनी. 1949 च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून डाकोटा विमानं निघत, रात्री नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई आणि सकाळपर्यंत विमानं आपापल्या गावी परतत. मद्रासला टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी दिल्लीला. आज कुरिअर कंपन्या ज्या पद्धतीचा अभिमान मिरवतात, ती आपल्या शेजारी नागपूरच्या सोनेगाव धावपट्टीवर तेव्हापासून चालली होती.

पण पुन्हा छिंदवाड्याच्या दिशेकडे येऊ. सगळ्यांत जवळचा रस्ता तिकडून आहे, तर मग दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं विमान तिबेटवरून सरळ का जात नाही? इथे अंतराचा विषय संपतो आणि वेळेचा सुरू होतो, आणि माझ्या मते खरी मौज इथून पुढे आहे.

पहिली अडचण हिमालय, पण लोक समजतात त्या कारणाने नाही. विमान अकरा किलोमीटरवर, एव्हरेस्ट नऊच्याही आत, ओलांडायला हरकत काहीच नाही. अडचण येते ती बिघाड झाला तर. विमानाच्या आतला हवेचा दाब गेला, तर वैमानिकाला ताबडतोब सुमारे तीन हजार मीटर उंचीवर उतरावं लागतं, कारण त्याखालीच माणूस मास्कशिवाय नीट श्वास घेऊ शकतो. डोक्यावरून खाली पडणाऱ्या मास्कमधला ऑक्सिजन साधारण पंधरा-वीस मिनिटं पुरतो. आणि तिबेटची जमीनच सरासरी साडेचार हजार मीटरच्या वर आहे. उतरायचं कुठे? म्हणून विमानं त्या पठाराला वळसा घालतात.

दुसरी गोष्ट वारा. 2016 च्या ऑक्टोबरपर्यंत एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकवरून, म्हणजे पश्चिमेकडून जात असे. तो मार्ग सुमारे 13,900 किलोमीटरचा. 16 ऑक्टोबर 2016 ला त्याच गावाला जाणारं विमान पूर्वेकडे वळवलं गेलं. ते पॅसिफिक महासागरावरून गेलं, मार्ग झाला सुमारे 15,300 किलोमीटरचा. म्हणजे 1,400 किलोमीटर जास्त. आणि ते पोहोचलं साडेचौदा तासांत, आधीपेक्षा सुमारे दोन तास लवकर.

लांबचा रस्ता लवकर संपला, कारण वारा पाठीशी होता. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वाऱ्याचे अरुंद, जोरकस पट्टे असतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. विषुववृत्ताकडची तापलेली हवा आणि ध्रुवाकडची गार हवा यांच्यातल्या फरकातून आणि पृथ्वीच्या फिरण्यातून ते तयार होतात. वेग ताशी शंभर ते तीनशे किलोमीटर. 1920 च्या दशकात वासाबुरो ओइशी या जपानी हवामानतज्ज्ञाने फुगे सोडून हे वारे मोजले होते. बिचाऱ्याने आपला अहवाल जगाला कळावा म्हणून एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत छापला, आणि नेमका म्हणूनच तो कुणी वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उडणाऱ्या अमेरिकी वैमानिकांना जपानवर हे वारे थेट अंगावर झेलून कळले.

आता हिशेब बघा. विमान हवेतून ताशी 900 किलोमीटरने जातं. दीडशेचा वारा पाठीशी असला तर जमिनीवरून मोजलेला वेग 1,050, तोच समोरून आला तर 750. जाताना समोरून आणि येताना पाठीमागून आला तर फिटंफाट होईल, असं वाटतं. होत नाही. 9,000 किलोमीटरला वारा नसताना जाऊन-येऊन 20 तास लागतील. वारा असेल तर एकदा 12 तास आणि एकदा साडेआठच्या थोडे वर, म्हणजे एकूण अर्ध्या तासाहून अधिक तोटा. कारण वारा अडवतो तेव्हा जास्त वेळ अडवतो, मदत करतो तेव्हा कमी वेळ करतो. यावर एअर इंडियाचा तोडगा फार सुंदर होता. जाताना पूर्वेकडे पॅसिफिकवरून आणि परत येतानाही पूर्वेकडेच, अटलांटिकवरून. दोन्ही वेळा वारा पाठीशी. दिल्लीहून जाऊन परत येणारा प्रवासी नकळत पृथ्वीप्रदक्षिणा करून येत होता!

या जागी मुलं हमखास एक प्रश्न विचारतात, आणि तो प्रश्न मोठ्यांच्याही मनात असतो, फक्त ते विचारत नाहीत. पृथ्वी फिरतेच आहे, तर हेलिकॉप्टर सौंसरवर नुसतं हवेत उभं करावं, अमेरिका आपोआप खाली येईल? पृथ्वी फिरते हे खरं. आपल्या अक्षांशावर सौंसर आणि पांढुर्णा, संत्र्यांच्या बागा आणि जाम नदीसकट, ताशी सुमारे 1,550 किलोमीटर वेगाने पूर्वेकडे धावत आहेत. विमान हवेतून ज्या वेगाने जातं, त्याहून हा वेग कितीतरी जास्त. पण हवाही आपल्याबरोबर फिरते आणि हेलिकॉप्टरही उडण्याआधीपासून त्याच वेगात असतं. म्हणून तासाभराने ते उतरलं तरी सौंसरलाच उतरणार.

तिसरी अडचण माणसाने तयार केलेली. आकाशात कुंपण दिसत नाही, पण आहे. 2022 पासून युरोप-अमेरिकेच्या विमान कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं. हेलसिंकी ते टोकियो हा साधारण नऊ तासांचा प्रवास त्यामुळे तेरा तासांवर गेला. 24 एप्रिल 2025 ला पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, आणि दिल्लीहून उत्तर अमेरिकेला थेट जाणाऱ्या काही विमानांना वाटेत व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधनासाठी थांबावं लागू लागलं. गावं जिथल्या तिथे आहेत, वेळ मात्र राजकारणाने बदलली.

याउलट 2021 च्या जानेवारीत कॅप्टन झोया अग्रवाल यांच्या नेतृत्वाखाली फक्त महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेलं विमान उत्तर ध्रुवावरून थेट बंगळुरूला आणलं. जवळजवळ 14,000 किलोमीटर, सतरा तास. संत्र्याचा देठच ओलांडला म्हणा ना.

हे सगळे किलोमीटर आपण एवढ्या खात्रीने सांगतो, ते कशाच्या जोरावर? सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत कुणी दोरी धरून गेलेलं नाही. अंतर काढायला पृथ्वीचा आकार आणि माप ठाऊक असावं लागतं, आणि ते मोजण्याचं एक फार मोठं काम आपल्याच परिसरातून पुढे गेलं आहे. ही गोष्ट या भागातल्या शाळांत का सांगितली जात नाही, हे मला कळलेलं नाही.

1802 मध्ये विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याने मद्रासजवळ साखळ्यांनी सुमारे 12 किलोमीटरची एक रेषा मोजली. त्या एका रेषेच्या आधाराने त्रिकोणाला त्रिकोण जोडत, डोंगरमाथ्यांवर आणि देवळांच्या शिखरांवर अर्ध्या टनाचं थिओडोलाइट चढवत तो कोन मोजत गेला. कन्याकुमारीपासून उत्तरेकडे जाणारी ही त्रिकोणांची माळ 78 रेखांशाच्या आसपासची. पांढुर्ण्याच्या पश्चिमेला वऱ्हाडातून ती वर सरकली. हैदराबादहून नागपूरकडे येताना लॅम्बटन आजारी पडला आणि जानेवारी 1823 मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. नागपूरच्या झिरो माइल स्तंभासमोर लोक फोटो काढतात, हिंगणघाटची कबर कुणाला ठाऊक नसते. लॅम्बटनचं काम जॉर्ज एव्हरेस्टने हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेलं, एकूण सुमारे अडीच हजार किलोमीटर.

त्यातून पुन्हा पक्कं झालं ते असं: अक्षांशाचा एक अंश सगळीकडे सारख्या लांबीचा नाही, उत्तरेकडे जावं तसा तो थोडा थोडा वाढतो. विषुववृत्ताजवळ तो 110.6 किलोमीटर, ध्रुवाजवळ 111.7. म्हणजे पृथ्वी ध्रुवांशी चपटी आहे. एव्हरेस्टने 1830 मध्ये पृथ्वीची विषुववृत्ताकडची त्रिज्या काढली 6,377 किलोमीटर आणि वर 276 मीटर. आज उपग्रहांच्या मदतीने जीपीएस जी त्रिज्या वापरतं, ती आहे 6,378 किलोमीटर आणि 137 मीटर. फरक एक किलोमीटरही नाही. साखळ्या, दुर्बिणी, रात्री पेटवलेले दिवे आणि जंगलातल्या तापाने मेलेली माणसं, एवढ्या सामग्रीवर.

आता राहिला तिकिटावरच्या वेळेचा घोळ. मुलाचं तिकीट हातात घेऊन आईवडील हमखास चक्रावतात, कारण तिकिटावर निघायची वेळ इथल्या घड्याळाची आणि पोहोचायची वेळ तिथल्या घड्याळाची असते. 2016 चं ते पॅसिफिकवरचं विमान दिल्लीहून 16 तारखेला पहाटे चारच्या सुमाराला निघालं आणि सॅन फ्रान्सिस्कोला उतरलं 16 तारखेलाच, सकाळी सहा-साडेसहाला. तिकीट बघणाऱ्याला वाटेल, दोन-अडीच तासांचा प्रवास! वाटेत पॅसिफिकमध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताना विमानातली तारीख 15 झाली होती, आणि मग पुन्हा 16 उजाडली. हिशेब सोपा आहे. सॅन फ्रान्सिस्कोचं घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात साडेतेरा तास मागे असतं. जाताना तिकिटावरचा फरक काढा, तेवढे तास मिळवा, खरा प्रवास मिळेल.

आपलं भारतीय घड्याळही सौंसरचं नाहीच. ते साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेलं आहे, म्हणून सौंसरला सूर्य घड्याळाच्या सुमारे 15 मिनिटं मागे असतो, पांढुर्ण्याला 16. दोन गावांमध्ये सूर्यालाही मिनिटभर लागतं.

सॅन फ्रान्सिस्कोला जाण्याचे रस्ते नागपूरहून अनेक. दिल्लीमार्गे सरळ अंतरांची बेरीज सुमारे 13,200 किलोमीटर, मुंबईमार्गे 14,200, दोह्यामार्गे 15,800. कागदावर दिल्ली जिंकते. पण वर सांगितलं तसं, किलोमीटर बघून तिकीट काढू नये, तास बघावेत, आणि त्यात मधल्या विमानतळावरचा मुक्कामही धरावा.

1883 मध्ये आनंदीबाई जोशी 7 एप्रिलला कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि 4 जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. आज दिल्लीहून न्यूयॉर्कला थेट विमानाने पंधरा-सोळा तास लागतात, आणि सौंसरहून नागपूर विमानतळ गाठायला गर्दीच्या दिवशी सहज दोन.

जिल्ह्यातल्या शिक्षकांना एक विनंती आहे. भिंतीवरचा नकाशा राहू द्या, पण कपाटात कुलूपबंद असलेला पृथ्वीगोल बाहेर काढा आणि एक दोरा मुलांच्या हातात द्या. गोल नसेल, तर संत्र्यांची आपल्याकडे कमी नाही.